घरी भरलेलं काडतूस वाजत नाही? आधी प्रायमर बघा, रायफल नंतर

चाप ओढला, पिन पडल्याचा कोरडा ‘टक्’ आवाज आला आणि पुढे काहीच झालं नाही. असं एखाद्या वेळी झालं तर माणूस ते काडतूस बाजूला ठेवतो आणि विसरून जातो. पण घरी भरलेल्या प्रत्येक डब्यात एक-दोन फुसकी निघायला लागली की तो योगायोग नसतो. भरताना कुठेतरी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा बिघडते आहे, आणि ती शोधून काढता येते. काडतूस म्हणजे चार भाग: पितळेची पुंगळी, तिच्या तळातल्या खळग्यात (पॉकेटमध्ये) बसणारा आणि रायफलीच्या फायरिंग पिनेच्या ठोक्याने पेटणारा प्रायमर, आत पावडर म्हणजे दारू, आणि तोंडाशी गोळी. वापरलेल्या पुंगळीत बाकीचे तीन नव्याने घालणं म्हणजे काडतूस ‘भरणं’.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. मूळचा चिंचवडच्या टूलरूममधला, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावायची सवय जुनी. आमच्या रेंजवर कुणाचं काडतूस उडालं नाही की ते बहुधा माझ्या टेबलावर येतं, आणि हल्ली त्यात आपली मराठी मंडळीही बरीच असतात. हे लिहितो आहे ते त्यांच्यासाठी. बोल्ट-ॲक्शन रायफल (नळी मागून बंद करणारा बोल्ट हँडलने हातानेच उघडायचा), .३०८ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमोर मापाची काडतुसं, आणि तळघरात एक सिंगल-स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारं भरणीचं यंत्र), असा साधारण संसार धरून चाललो आहे. स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला इथे वेगळा परवाना लागत नाही. भारतात मात्र काडतूस तयार करायला शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवाना लागतो, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे माहितीपुरतंच वाचावं.

लक्षणं

‘उडालं नाही’ एवढं सांगून काही कळत नाही. नेमकं काय झालं ते वेगळं करा.

- प्रायमरवर पिनेचा खड्डा आहे, पण पुसट.
- खड्डा चांगला खोल आहे, तरीही बार नाही.
- पहिल्या वेळी नुसता टक्, दुसऱ्यांदा पिन पडली की व्यवस्थित बार.
- टक् आवाज, मग क्षणभर काही नाही, आणि मग बार. याला हँगफायर म्हणतात.
- बार झाला, पण फुसका. धक्का जवळजवळ नाही, लक्ष्यावर भोकही नाही.
- प्रायमरवर खूणच नाही.

शेवटून दुसरं लक्षण दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुटते. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

टक् झाल्यावरचं पहिलं अर्धं मिनिट

नळी लक्ष्याच्या दिशेलाच ठेवा. बोल्ट उघडू नका. निदान ३० सेकंद तसेच थांबा. काही क्लबांचा नियम पूर्ण मिनिटाचा असतो, तिथे मिनिट थांबा. आजच्या प्रायमरमध्ये हँगफायर झालाच तर बहुतेक वेळा सेकंदाच्या आतला असतो, पण ‘बहुतेक वेळा’ या शब्दांवर आपला चेहरा पणाला लावू नये. बोल्ट उघडलेला असताना पुंगळी फुटली तर तिला चारही बाजूंनी धरून ठेवणारं चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, तिथे नसतं. पितळेचे तुकडे आणि गरम वायू थेट मागे येतात.

वेळ झाली की चेहरा बोल्टच्या मागून बाजूला घेऊन, बोल्ट सावकाश उघडून काडतूस काढा. त्यावर मार्करने खूण करा आणि ते वेगळ्या डबीत ठेवा. ते कितव्या भरणीचं, प्रायमरचा लॉट कोणता, पुंगळी कितव्यांदा भरलेली, हवा किती थंड होती, हे तिथल्या तिथे लिहून ठेवा. घरी पोचेपर्यंत यातलं निम्मं डोक्यातून गेलेलं असतं.

बिनखर्चाची पहिली पारख: दोष कुणाचा?

कारखान्यात भरलेल्या काडतुसांचा एक डबा आणा आणि त्याच रायफलीतून, त्याच दिवशी झाडा. सगळी नीट उडाली तर दोष जवळजवळ नक्की तुमच्या टेबलावर आहे. त्यातलीही अडली तर रायफलीकडे वळा. इतकं साधं असूनही लोक हे करत नाहीत. आधी फायरिंग पिनेची नवी स्प्रिंग मागवतात, मग दुसऱ्या कंपनीचे प्रायमर घेतात, आणि दोष होता तिथेच राहतो.

उलटी चाचणी मात्र करू नका. आपली भरलेली काडतुसं मित्राच्या रायफलीतून झाडून बघायची नाहीत. ती तुमच्या चेंबरच्या मापाने आणि तुमच्या रायफलीसाठी ठरवलेल्या भाराने (पावडरच्या वजनाने) भरलेली आहेत. त्याच्या रायफलीत ती सुरक्षित असतीलच असं नाही.

याच वेळी आणखी एक गोष्ट बघून घ्या. चाप ओढण्याआधी बोल्टचं हँडल पूर्ण खाली बसलं होतं का? गोळी गरजेपेक्षा बाहेर बसवली असेल तर ती नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांना टेकते. पुंगळीची मान लांबली असेल तर ती चेंबरच्या टोकाला अडते (.३०८ मध्ये पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच; कापताना २.००५ ला आणतात). दोन्ही वेळा हँडल थोडं वर राहतं आणि हात ते जोर लावून दाबतो. मग पिन सुटते तेव्हा तिचा काही जोर हँडल खाली ढकलण्यातच जातो, आणि प्रायमरवर उरतो तो पुसट खड्डा. चाप ओढताना हँडल खाली हललेलं दिसलं तर हेच कारण समजा.

प्रायमर नीट बसलाय का

माझ्याकडे आलेल्या डब्यांत सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रायमर म्हणजे एक छोटी वाटी. तिच्यात ठोक्याला संवेदनशील मसाला आणि वर पायांची एक बारीक ऐरण. पिन वाटीच्या बुडाला आत चेपते, मसाला वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडला जातो आणि पेटतो. हे घडायला ऐरणीचे पाय पॉकेटच्या तळाला घट्ट टेकलेले असावे लागतात. ते तळापासून वर राहिले तर पिनेचा पहिला ठोका प्रायमर पेटवत नाही, नुसता आत ढकलतो. म्हणजे जे काम प्रेसने करायचं ते पिनेने केलं. आता प्रायमर बसला, म्हणून दुसऱ्या ठोक्याला तो उडतो. ‘पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा उडालं’ या लक्षणाचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

तपासायला पैसे लागत नाहीत. काडतूस टेबलावर उभं करून बघा. प्रायमर वर आला असेल तर ते डुलतं. मग तर्जनीचं टोक तळावरून फिरवा. प्रायमर तळापेक्षा किंचित खाली लागायला हवा. समपातळी लागला तर शंका घ्या, आणि वर लागला तर ते काडतूस बाद. मग स्टीलची पट्टी कडेवर उभी धरून तळावर ठेवा आणि मागे दिवा लावा. पट्टी प्रायमरवर डुलते आहे की दोन्ही कडांवर टेकली आहे, ते लगेच दिसतं. मापच हवं असेल तर व्हर्नियरचा खोली मोजायचा दांडा वापरा: तळापासून ३ ते ५ थाऊ आत, म्हणजे साधारण ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात, तोच शब्द मी पुढेही वापरणार आहे.

गेल्या हंगामाआधी एक नागपूरकर तरुण डबा घेऊन आला. “काका, प्रायमरचा लॉटच खराब आलाय,” असं म्हणत त्याने तीन कंपन्यांचे प्रायमर समोर ठेवले. तिन्ही वापरून झाले होते आणि तिन्हींत फुसकी निघाली होती. तीन वेगवेगळ्या कारखान्यांचा माल एकाच माणसाच्या घरी येऊन एकसारखा बिघडेल, हे पटण्यासारखं नव्हतं. त्याच्या न उडालेल्या काडतुसांवर पट्टी ठेवली. पिनेने एकदा आत ढकलूनही त्यातले काही प्रायमर अजून समपातळीलाच होते. मग पुंगळ्यांचे तळ बघितले. निम्म्यांवर ‘एलसी’ आणि वर्तुळातला क्रॉस, म्हणजे लेक सिटीचं लष्करी पितळ, रेंजवरून गोळा केलेलं. उडालेली सगळी काडतुसं दुसऱ्या पितळेची होती.

लष्करी काडतुसात प्रायमर निसटू नये म्हणून पॉकेटच्या कडेला पितळ दाबून गोल कडा पाडलेली असते. जुना प्रायमर काढला तरी ती कडा तशीच राहते. नवा प्रायमर त्या कडेत घासत, तिरका होत आत जातो. हाताला जोर जाणवतो आणि वाटतं की तळ लागला. प्रत्यक्षात तळ अजून खालीच असतो. स्वेजरने ती कडा दाबून मागे सारायची किंवा रीमरने कापून टाकायची. एका पुंगळीला एकदाच करावं लागतं. त्याने त्या पुंगळ्या स्वेज केल्या, प्रायमर तेच जुने वापरले आणि तक्रार संपली.

कडा नसलेल्या पुंगळीतही पॉकेटच्या तळाशी काजळीचा थर साचतो आणि ऐरण त्याच्यावर बसते. बारीक तारेचा ब्रश दोनदा फिरवला की पुरतं. मोठ्या रायफल प्रायमरच्या पॉकेटची खोली १२५ ते १३२ थाऊ आणि छोट्याची ११७ ते १२३ थाऊ असते. यापेक्षा उथळ निघाली तर पॉकेट युनिफॉर्मर लावून सारखी करून घ्या.

प्रायमर बसवताना मी प्रेसपेक्षा हाताचं साधन पसंत करतो. प्रेसचा दांडा लांब असल्यामुळे बोटांना काही कळत नाही. हाताच्या साधनात दोन टप्पे स्पष्ट लागतात: आधी वाटी घासत खाली जाते, मग पाय तळाला टेकल्याचा ठाम थांबा येतो. त्यानंतर अगदी किंचित दाब द्यायचा. ऐरण थोडी आत दाबली गेली की मसाल्यावर आधीच ताण येतो आणि प्रायमर खात्रीने पेटतो. ठाम थांबा लागेपर्यंत थांबायचं नाही, आणि तो लागल्यावर अंगाचा जोरही लावायचा नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच.

वर राहिलेला प्रायमर फक्त बार चुकवत नाही. गॅरँड किंवा एम-वन-ए सारख्या अर्धस्वयंचलित (पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये घेणाऱ्या) रायफलींत पिन मोकळी असते. बोल्ट पुढे धावून आदळतो तेव्हा तीही पुढे जाते आणि वर आलेल्या प्रायमरला लागून, बोल्ट पूर्ण बंद व्हायच्या आतच काडतूस फुटू शकतं. अशा रायफलीसाठी भरत असाल तर प्रत्येक तळावरून बोट फिरवल्याशिवाय काडतूस डब्यात टाकू नका.

आणि एक सक्त मनाई. भरलेल्या काडतुसाचा प्रायमर वर दिसला म्हणून ते पुन्हा प्रेसमध्ये घालून दाबायचं नाही. आत पावडर आहे, वर गोळी आहे आणि तुमचे हात बाजूला आहेत. गोळी ओढून काढा, पावडर काढा, मग बघा.

प्रायमर बरोबर आहे का

हे थोडक्यात. मोठा पिस्तूल प्रायमर आणि मोठा रायफल प्रायमर यांचा व्यास एकच असतो, २१० थाऊ. पण पिस्तुलाचा उंचीला कमी आणि वाटीने पातळ असतो. टेबलावर दोन्ही डबे उघडे असतील तर अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. पिस्तुलाचा प्रायमर रायफलीच्या पॉकेटमध्ये खोल बसतो, पिन त्याच्यापर्यंत जेमतेम पोचते आणि बार चुकतो. उडालाच तर रायफलीच्या दाबाने पातळ वाटीला भोक पडायची भीती, ते आणखी वाईट. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवा.

लष्करी प्रकारचे प्रायमर मुद्दाम कमी संवेदनशील केलेले असतात, वर सांगितलेला अपघात टळावा म्हणून. पिनेची स्प्रिंग थकलेली असेल तर असेच प्रायमर सर्वांत आधी अडतात. बसवण्याआधी ट्रेमध्ये प्रायमर उलटे-सुलटे करून एक नजर टाका. ऐरण नसलेला किंवा तिरकी असलेला क्वचित निघतो, पण निघतो.

ओल, तेल आणि भोकातला कण

खड्डा खोल आहे, प्रायमर नीट बसलेला आहे, तरी आवाज नाही. अशा वेळी इकडे बघा.

पुंगळ्या पाण्यात स्टीलच्या पिनांबरोबर धुवायची पद्धत आता घरोघरी आहे. पितळ सोन्यासारखं दिसतं, पण पॉकेटच्या कोपऱ्यात आणि फ्लॅश होलजवळ (प्रायमरची ज्योत पावडरपर्यंत नेणाऱ्या भोकाजवळ) पाण्याचा थेंब अडकून राहतो. बाहेरून हात लावला तर पुंगळी कोरडी ठणठणीत वाटते. घाईने त्याच संध्याकाळी भरलं की तो ओलावा प्रायमरला आणि पावडरला लागतो. उन्हात, किंवा ओव्हनच्या अगदी मंद आचेवर, पूर्ण वाळवा आणि मग आणखी एक दिवस जाऊ द्या.

मक्याच्या कणसाच्या भुशात पॉलिश करत असाल तर फ्लॅश होल उजेडासमोर धरून बघा. भोक जेमतेम २ मिलिमीटरचं, आणि भुशाचा एक दाणा नेमका तिथे अडकतो. लापुआ कंपनीच्या छोट्या प्रायमरच्या .३०८ पितळात तर ते १.५ मिलिमीटरचंच असतं. त्या पितळात नेहमीची डिकॅपिंग पिन (जुना प्रायमर ढकलून काढणारी) घातली तर पिन अडकते किंवा वाकते. तिच्यासाठी बारीक पिन वेगळी मिळते.

साइझिंगचं, म्हणजे पुंगळी साच्यात (डायमध्ये) दाबून परत मापात आणतानाचं, वंगण लागलेल्या बोटांनी प्रायमर हाताळू नका. तेल झिरपायला वेळ लागतो, म्हणून अशी काडतुसं भरल्या दिवशी उडतात आणि पुढच्या हंगामात अडतात, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

पावडर आहे ना?

ऐकायला विचित्र वाटेल, पण पावडर घालायची राहून जाते. फोन वाजतो, कुणीतरी वरून हाक मारतं, आणि एक पुंगळी तशीच पुढे सरकते. प्रायमर एकट्याच्या जोरावर गोळी पुंगळीतून बाहेर ढकलू शकतो आणि ती खाचांत जाऊन रुतते. बाहेर फक्त ‘फट्’ ऐकू येतं. कानावर मफ असतील तर तो आवाज आणि नुसता टक् यांतला फरक कळतोच असं नाही.

म्हणून नियम असा: प्रत्येक न उडालेलं काडतूस काढल्यावर गोळी त्याच्या तोंडाशी आहे का ते बघायचं. नसेल तर रायफल त्या दिवसापुरती बंद. बोल्ट पूर्ण काढून मागून नळीत बघा, उजेड पलीकडे दिसायला हवा. नाही दिसला तर गोळी आत आहे. तिला दुसऱ्या काडतुसाने ढकलायचा विचारही मनात आणू नका. नळीच्या मापाचा पितळी दांडा वापरून ती काढायचा अनुभव नसेल तर थेट गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) न्या.

भरताना सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, गोळी बसवण्याआधी टॉर्च घेऊन पावडरची पातळी बघत जा. .३०८ मध्ये पावडर साधारण ४० ग्रेनच्या पुढे असते, म्हणजे अडीच ग्रॅमहून जास्त. एकाच लॉटच्या पुंगळ्या वापरल्या असतील तर तयार काडतुसांच्या वजनावरूनही रिकामं राहिलेलं वेगळं पडतं.

न उडालेल्या पुंगळीत पावडर काजळून, गोळा होऊन निघाली, तर प्रायमर पेटला होता पण पावडर नीट पेटली नाही. कडाक्याच्या थंडीत, छोट्या प्रायमरवर, पेटायला अवघड पावडर असेल तेव्हा हे होतं. उपाय म्हणून जास्त जोराची ज्योत देणारे मॅग्नम प्रायमर वापरतात, पण प्रायमर बदलला की दाबही बदलतो. भार भरणीच्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यावर नेऊन पुन्हा पायरी पायरीने वर या.

बोल्टची सफाई

आमच्याकडे हरणाचा रायफल हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. उन्हाळ्यात रेंजवर बिनतक्रार चाललेली रायफल त्या पहाटे टक् करते. बोल्टच्या आत घट्ट ग्रीस भरलेलं असतं, थंडीत ते गोठतं आणि पिन त्यातून रांगत पुढे जाते. हँडबुकमध्ये दाखवल्याप्रमाणे पिन आणि स्प्रिंग बाहेर काढा, सॉल्व्हंटने स्वच्छ धुवा, कोरडं करा आणि पातळ तेलाचं नुसतं बोट फिरवा. आत पितळाचा कीस किंवा फुटलेल्या प्रायमरची टिकली सापडली तर कारण मिळालंच.

स्प्रिंग जुनी असेल तर बदला. खर्च मोठा नाही आणि काम घरी होण्यासारखं आहे. पण स्प्रिंग ताणून लांब करून परत घालायची नाही, तिचा जोर टिकत नाही.

पुसट खड्डा ओळखताना एक सावधगिरी. उडालेल्या आणि न उडालेल्या प्रायमरचे खड्डे एकमेकांशी ताडून बघू नका. उडालेल्यात आतल्या दाबाने वाटी परत पिनेवर आवळली जाते आणि खड्ड्याचा आकारच बदलतो. न उडालेला न उडालेल्याशीच ताडा.

हेडस्पेस: शेवटची, पण समजून घ्यायची गोष्ट

.३०८ सारख्या बिनकाठाच्या काडतुसाला चेंबरमध्ये थांबवतो तो पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार. बोल्टच्या तोंडापासून चेंबरमधल्या या थांबण्याच्या जागेपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. साइझिंग डायने खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला तर पुंगळी चेंबरमध्ये सैल बसते. पिन आदळते तेव्हा पुंगळीच पुढे सरकते, धावत्या माणसाच्या पाठीवर मारलेल्या थापेसारखा ठोका अर्धवट लागतो, आणि खड्डा पुसट पडतो. उडालेल्या काडतुसांनाही याची खूण असते: प्रायमर तळातून थोडा मागे आलेला दिसतो.

बार चुकणं ही त्यातली सौम्य शिक्षा. सैल पुंगळी दर वेळी तळाच्या जरा वर ताणली जाते, तिथे पितळ पातळ होतं आणि शेवटी तिथूनच तुटते. उडालेल्या पुंगळीवर तळाच्या जरा वर चकचकीत रिंगण दिसलं तर सावध व्हा. पेपरक्लिप सरळ करा, टोक काटकोनात वाकवून टोकदार करा आणि पुंगळीत घालून आतल्या भिंतीवरून खालून वर ओढा. टोक एका जागी खाचेत अडकलं तर ती पुंगळी मोडीत, आणि त्याच वयाच्या बाकीच्यांवरही विश्वास ठेवू नका.

सैलपणा मोजायला एक स्वस्त युक्ती आहे. साइझ केलेली रिकामी पुंगळी घ्या, तळावर सेलोटेपचा तुकडा लावा, कडा कापून टाका आणि पिन काढलेला बोल्ट बोटांनी हलकेच बंद करा. सेलोटेपचा एक थर सुमारे २ थाऊ. एका थराला किंचित अडखळला तर छान. तीन-चार थर लावूनही बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा बंद होतो, तर खांदा फारच मागे गेला आहे.

दुसरी युक्ती रेंजवरची. पावडर आणि गोळी नसलेल्या, फक्त प्रायमर बसवलेल्या पुंगळीवर नळी सुरक्षित दिशेला ठेवून पिन पाडा. दाब नसल्यामुळे पुंगळी मागे येत नाही, फक्त प्रायमर मागे येऊन बोल्टला टेकतो. तो तळातून जेवढा बाहेर आला तेवढी मोकळी जागा, ती व्हर्नियरने मोजा. ती पुंगळी पुन्हा या चाचणीला वापरू नका; ठोक्याने तिचाही खांदा थोडा मागे जातो आणि पुढचं माप फसवं येतं.

दुरुस्ती बहुतेक वेळा डायमध्ये आहे. डायच्या कागदावर लिहिलेलं असतं, शेलहोल्डरला (पुंगळीचा तळ धरणाऱ्या प्रेसच्या तुकड्याला) टेकेपर्यंत फिरवा आणि आणखी पाव फेरा द्या. बऱ्याच चेंबरांसाठी ते जरुरीपेक्षा जास्त होतं. डायचे आटे इंचाला १४, म्हणजे पूर्ण फेरा सुमारे ७१ थाऊ आणि १० अंश फिरवलं की २ थाऊ. डाय थोडी वर घ्या आणि कम्पॅरेटरने (व्हर्नियरला लावून खांद्यापर्यंतची लांबी मोजणाऱ्या साधनाने) उडालेल्या पुंगळीचा खांदा मोजत मोजत खाली या. बोल्ट-ॲक्शनला खांदा सुमारे २ थाऊ मागे पुरतो, अर्धस्वयंचलितला ३ ते ५. तळाजवळ पट्टा असलेली बेल्टेड मॅग्नम पुंगळी नवी असताना बेल्टवर थांबते, पण पुन्हा भरताना तिचाही खांदाच सांभाळा.

.२२ वाल्यांसाठी दोन ओळी

पुण्या-कोल्हापूरच्या रेंजवरून विचारणा होते म्हणून. नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं त्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारातलं काडतूस .२२ रिमफायर. त्याचा मसाला काठाच्या घडीत असतो, म्हणून ते पुन्हा भरता येत नाही आणि वरचं प्रायमरचं पुराण त्याला लागू नाही. मसाला काठात सगळीकडे सारखा पसरला नसेल तर एक बाजू अडते. पूर्ण वेळ थांबून, प्रशिक्षकाच्या परवानगीने, काडतूस फिरवून वेगळ्या बाजूवर एकदाच ठोका देऊन बघतात. तेही अडलं तर ते बाद.

इथे थांबा, गनस्मिथला द्या

कारखान्याची काडतुसंही अडताहेत आणि बोल्ट स्वच्छ आहे. पिनेचं टोक झिजलेलं, चिरलेलं किंवा वाकडं दिसतं. ते बोल्टच्या तोंडातून किती बाहेर येतं याचा कारखान्याचा आकडा जुळत नाही. ट्रिगरला कुणीतरी हात लावला आहे आणि त्यानंतरच हे सुरू झालं. गोळी नळीत आहे. कारखान्याच्या काडतुसांच्या पुंगळ्यांवरही ते चकचकीत रिंगण येतं. यांपैकी काहीही असेल तर घरचं काम संपलं.

हेडस्पेस गेज (चेंबरमध्ये घालून बघायचे मापाचे ठोकळे) विकत मिळतात. .३०८ चं ‘गो’ १.६३० इंच, ‘नो-गो’ १.६३४, ‘फील्ड’ १.६३८. पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. नो-गोवर बंद झाला तर रायफल गनस्मिथकडे न्या. फील्डवरही झाला तर नेईपर्यंत त्यातून एकही बार काढू नका. चेंबर आणि बोल्ट यांची दुरुस्ती लेथवर, बॅरल काढून होते. ते तळघरातलं काम नाही.

जाताना रिकाम्या हाती जाऊ नका. कारखान्याच्या आणि तुमच्या भरणीच्या उडालेल्या काही पुंगळ्या वेगवेगळ्या पाकिटांत, साइझ करून न भरलेली एक पुंगळी, आणि रेंजवर लिहिलेली ती वही बरोबर न्या. न उडालेली काडतुसं न्यायच्या आधी फोन करून विचारा; काहींना ती दुकानात आणलेली चालत नाहीत. अशा वेळी डोळ्यांवर चष्मा घालून कोलेट पुलरने गोळी आणि पावडर काढून घ्या. मागे उरलेली प्रायमर असलेली पुंगळी पंचने ठोकत बसू नका. ठोका खाऊन न पेटलेला प्रायमर मेलेला समजायचा नसतो. आणि हेही करायचं नसेल तर क्लबच्या बाद काडतुसांच्या डब्यात टाका.